गहाण सुटले, पण वाट मोडली

'इन' या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. धर्मशाळा म्हणावे, तर तेथे मुक्कामाचे पैसे मोजावे लागत. खाणावळ म्हणावे, तर तेथे निजायच्या खोल्या आणि घोड्यांच्या पागाही असत. गुत्ता म्हणावे, तर तेथे धर्मगुरूंपासून बाजारकऱ्यांपर्यंत सर्व थरांतील माणसे उतरत. सराई हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. पण सराई बहुधा राजा किंवा दानशूर सावकार बांधी, आणि इंग्लंडमधील इन हा सामान्य कुटुंबांचा पिढीजात व्यवसाय होता. म्हणून या लेखात आम्ही 'इन' हाच शब्द ठेवला आहे.

या जुन्या इन्सविषयी जे लिहिले जाते त्यात शेकोटी, लाकडी सज्जे आणि चौकात शिरणाऱ्या घोडागाडीचा कर्णा यांचीच वर्णने अधिक. आमची उमेदीची वर्षे दस्तऐवजांच्या नोंदणीत गेली, त्यामुळे असे वर्णन वाचताना आमच्या मनात वेगळाच प्रश्न येतो : या जागेचा मालक कोण होता? पट्टा कोणाच्या नावे होता? ती कोणाकडे गहाण होती, आणि शेवटी खरेदीखत कोणी करून दिले? इमारतीचे खरे चरित्र पुष्कळदा तिच्या दस्तऐवजांत असते. इंग्लंडमधील इन्सच्या गहाण-विक्रीचा इतिहास पाहिला, तर त्यातून जो धडा निघतो तो आपल्यासारख्या, पिढ्यान्पिढ्या मूळ मुलखाबाहेर वाडे राखून राहिलेल्या घराण्यांनाही लागू पडतो, असे आम्हांस वाटते.

लंडन शहराच्या दक्षिणेस, थेम्स नदीच्या पैलतीरी सदर्क नावाची वस्ती आहे. १७२९ साली पटनीचा पूल होईपर्यंत त्या परिसरात नदीवर लंडन ब्रिज हा एकच पूल होता. दक्षिणेकडून येणारा प्रत्येक वाटसरू, व्यापारी आणि यात्रेकरू सदर्कच्या मुख्य रस्त्यानेच शहरात शिरे. साहजिकच त्या रस्त्याच्या कडेने इन्सची रांग उभी राहिली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवीने आपले कँटरबरीचे यात्रेकरू जेथे एकत्र आणले ती टॅबर्ड इन येथलीच. त्याच्या काव्यातील यजमान हॅरी बेली हे केवळ कल्पनेतील पात्र नव्हे. त्या नावाचा इनचालक सदर्कमध्ये होता आणि त्या गावाचा प्रतिनिधी म्हणून तो पार्लमेंटातही बसला होता. १४५० च्या बंडात जॅक केड याने तळ दिला ती व्हाइट हार्ट इन याच रस्त्यावर. आणि जवळच जॉर्ज इन.

१६७६ च्या मे महिन्यात सदर्कला मोठी आग लागली आणि टॅबर्ड, व्हाइट हार्ट, जॉर्ज या सर्व इन्स तिच्या भक्ष्यस्थानी पडल्या. आग विझल्यावर खरा पेच उभा राहिला. एकाच जागेवर अनेकांचे हक्क होते. जमिनीचा धनी निराळा, दीर्घ मुदतीचा पट्टेदार निराळा, प्रत्यक्ष इन चालविणारा कधी तिसराच. आणि यांपैकी कोणाच्याही हक्कावर सावकाराचे कर्ज असू शके. जळालेल्या जागेवर पुन्हा बांधायचे कोणी? पट्ट्याची थोडीच वर्षे उरलेला भाडेकरू पदरचे पैसे का घालील? आणि भाडे बंद झालेला मालक तरी कोठून आणील? १६६६ च्या लंडनच्या आगीनंतर अशा तंट्यांसाठी खास न्यायालय नेमले गेले होते. त्याच धर्तीवर १६७७ साली पार्लमेंटाने सदर्कसाठीही कायदा केला. जो बांधील त्याच्या पट्ट्याची मुदत वाढवावी, भाडे कमी करावे, अशा तडजोडी त्यातून होऊ लागल्या. जॉर्ज इनची आजची वास्तू त्या वेळच्या पुनर्बांधणीतील आहे. तिचे लाकडी सज्जे आज आपण कौतुकाने पाहतो. पण ते ज्यामुळे उभे राहू शकले तो हक्कांचा हिशेब कोणाच्या लक्षात येत नाही.

आता गहाणाकडे वळू. गहाणासाठी इंग्रजीत 'मॉर्गेज' हा शब्द आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचा शब्दशः अर्थ 'मृत तारण' असा होतो. पंधराव्या शतकातील लिटलटन या कायदेपंडिताने याची उपपत्ती अशी दिली की, मुदतीत पैसे न फेडल्यास मालमत्ता ऋणकोच्या दृष्टीने मेली, आणि फेडल्यास धनकोच्या दृष्टीने मेली. नाव असे कठोर होते आणि व्यवहारही तसाच होता. कर्ज घेणारा आपली मालकीच धनकोच्या नावे करून देई. अमुक दिवशी पैसे परत केले तर मालमत्ता उलट लिहून द्यावी, एवढीच अट असे. पुढे हा दिवस बहुधा सहा महिन्यांनंतरचा ठरविण्याचा प्रघात पडला. तो दिवस टळला की सामान्य कायद्याच्या न्यायालयात ऋणकोला दाद नव्हती. इनचालकाने पाचशे पौंडांसाठी दोन हजारांची इन लिहून दिली असली, तरी एका दिवसाच्या विलंबाने ती जाऊ शके.

येथे चॅन्सरी न्यायालय मध्ये आले. सतराव्या शतकात त्याने हळूहळू असे तत्त्व बसविले की, दस्तात काहीही लिहिलेले असो, व्यवहार मुळात कर्जाचा असेल तर दिवस टळल्यावरही मुद्दल, व्याज आणि खर्च भरून मालमत्ता सोडविण्याचा ऋणकोचा हक्क जिवंत राहतो. एकदा गहाण ते कायम गहाण, असे हे सूत्र. अडचणीतला माणूस सावकार घालील ती अट मान्य करतो. म्हणून त्याची संमती ही पूर्ण स्वतंत्र माणसाची संमती मानता येत नाही, हा त्यामागील विचार. १७६२ सालच्या एका निवाड्यात लॉर्ड चॅन्सेलरने तो स्पष्ट बोलून दाखविला. अर्थात धनकोलाही वाऱ्यावर सोडता येत नव्हते. ठराविक मुदतीत पैसे न भरल्यास सोडवणुकीचा हक्क कायमचा बंद करण्याचा हुकूम त्याला मिळविता येई. १८५२ च्या कायद्याने अशा दाव्यात न्यायालयाला सरळ विक्रीचा हुकूम देण्याची मुभा मिळाली. १८६० च्या कायद्याने न्यायालयात न जाताही विक्री करण्याचा अधिकार गहाणदाराला मर्यादित स्वरूपात मिळाला, आणि १८८१ च्या कायद्याने तो अधिक व्यापक झाला. विक्री झाल्यास कर्ज आणि खर्च वळते करून उरलेली रक्कम ऋणकोला मिळे. गहाण बुडविण्यापेक्षा विक्री ही ऋणकोला पुष्कळदा बरी पडे, याचे कारण हेच. पुढे १९२५ च्या कायद्याने मालकीच लिहून देण्याची जुनी पद्धत बंद केली. १९२६ च्या आरंभापासून ऋणको मालक राहू लागला आणि धनकोला केवळ बोजा, किंवा कागदोपत्री ३,००० वर्षांचा पट्टा, मिळू लागला.

साध्या घराचे गहाण आणि इनचे गहाण यांत मात्र एक फरक होता. घर गहाण पडले की चार भिंती गहाण पडतात. इनची किंमत भिंतींत थोडी आणि इतर गोष्टींत फार. पहिली गोष्ट परवाना. १५५२ पासून दारू विकणाऱ्या जागांना स्थानिक न्यायाधीशांचा परवाना लागू लागला होता. परवाना गेला की इनचे नुसते मोठे, खर्चिक घर उरे. दुसरी गोष्ट नावलौकिक. अमुक गाडी येथेच थांबते, अमुक गावचे व्यापारी येथेच उतरतात, ही सवय म्हणजेच धंद्याचे भांडवल. इन गहाण दिली तर हा नावलौकिकही गहाण पडतो काय? १८८० सालच्या एका दिवाळखोरीच्या प्रकरणात इंग्रजी न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. मद्यगृहाचा लौकिक जागेला चिकटलेला असतो, म्हणून तो जागेबरोबर गहाणदाराकडे जातो, असा तो निर्णय होता. आपल्या पेठेतील एखाद्या जुन्या दुकानाचा विचार केला, तर वाचकांस यातील मर्म सहज कळेल.

एकोणिसाव्या शतकात धनकोही बदलला. १८६९ च्या कायद्यानंतर नवे परवाने मिळणे अवघड झाले, आणि असलेल्या परवान्यांना भाव आला. बिअर बनविणाऱ्या मोठ्या कारखानदारांना आपला माल खात्रीने खपविणारी ठिकाणे हवी होती. ते इनचालकांना सढळ हाताने कर्ज देऊ लागले. व्याज तर घेतच, पण त्याहून मोठी अट ही की, बिअर आमच्याचकडून घ्यावी. शतकाच्या अखेरीस कारखानदारांनी भांडवल उभारून शेकडो जागा विकतही घेतल्या. गहाणाच्या दोरीने बांधलेली इन शेवटी खरेदीने कारखान्याच्या पदरात पडे.

या अटींची कसोटी न्यायालयात लागली. १८९८ सालच्या बिग्ज विरुद्ध हॉडिनॉट या खटल्यात एका हॉटेलाचे गहाण होते. कर्ज पाच वर्षांसाठी होते, आणि गहाण चालू असेतोवर बिअर धनकोकडूनच घ्यावी, अशी अट होती. न्यायालयाने ती वैध ठरविली; सौदा दडपणाचा नसेल तर धनकोने व्याजाखेरीज काही लाभ घेण्यास हरकत नाही. नोक्स विरुद्ध राइस या खटल्याचा निकाल १९०२ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. त्यातील राइस याने सुमारे २६ वर्षे उरलेला एका मद्यगृहाचा पट्टा कारखानदारांकडे गहाण ठेवला होता. अट अशी की, कर्ज फिटो वा न फिटो, पट्ट्याची सर्व वर्षे बिअर त्यांच्याचकडून घ्यावी. राइसने कर्ज फेडायला काढले आणि जागा बंधनमुक्त मागितली. हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने कौल दिला. जे मोकळे असताना गहाण ठेवले ते मोकळेच परत मिळाले पाहिजे. कर्ज फिटल्यावरही गळ्यात दोरी राहणार असेल, तर ते सुटणे कसले?

हे वाचताना आम्हांस आमच्या बेळगावच्या कचेरीतील जुनी दप्तरे आठवतात. १९५६ पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि कागदपत्रे पुष्कळशी मराठीत, त्याआधीची मोडीत. त्यांत 'गहाण लाहाण' या प्रकारची खते भेटत. मुदतीत पैसे न दिल्यास हेच खत खरेदीखत समजावे, असा त्यांचा आशय. आपल्या धर्मशास्त्रातही मुदतीचे तारण मुदत टळल्यावर बुडते, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते; पण ज्याचे उत्पन्न धनको खातो ते तारण बुडत नाही, असा विवेकही तीच करते. मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ साली रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यात चॅन्सरीचे तत्त्व गहाण लाहाण खताला लावले आणि मुदत टळल्यावरही सोडविण्याचा हक्क मान्य केला. पुढे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आला आणि तो १८९३ पासून मुंबई इलाख्यात लागू झाला; त्याच्या साठाव्या कलमात हा हक्क शब्दबद्ध आहे. १९२९ च्या दुरुस्तीने शर्तीच्या विक्रीला गहाण मानण्यासाठी ती शर्त त्याच दस्तात असली पाहिजे, असे ठरले. नोंदणीच्या कामात या एका वाक्याने किती तंटे उभे केले, हे आम्ही जाणतो. सांगायचे तात्पर्य, इंग्लंडमधील ऋणकोला वाचविणारे तत्त्वच बेळगावच्या शेतकऱ्याच्या आणि वाड्याच्या मालकाच्या कामी आले.

मग कायद्याने इतके संरक्षण दिले असता सदर्कच्या इन्स गेल्या कशा? याचे उत्तर गहाणखतात नाही. १८३६ साली त्या रस्त्याच्या तोंडाशी लंडन ब्रिजचे रेल्वे स्थानक सुरू झाले. योगायोग असा की, ज्या 'पिकविक पेपर्स' कादंबरीने व्हाइट हार्ट इन अमर केली ती त्याच वर्षी हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होऊ लागली. तीत डिकन्सने तेव्हाच लिहून ठेवले आहे की, एके काळी नामांकित गाड्यांचे मुक्काम असलेल्या या जागा आता खेड्यांतील मालगाड्यांचे थांबे होऊन बसल्या आहेत. दूरच्या रस्त्यांवरही तेच झाले. बाथच्या रस्त्यावरील मार्लबरो गावची कॅसल इन म्हणजे पूर्वीचा सरदारी वाडा. लंडनहून ब्रिस्टलपर्यंतची रेल्वे १८४१ साली पूर्ण झाली आणि ती मार्लबरो टाळून स्विंडनवरून गेली. १८४३ साली कॅसल इनच्या वास्तूत शाळा भरू लागली. ती मार्लबरो कॉलेज या नावाने आजही चालू आहे. तेथे कोणा सावकाराने जप्ती आणली नव्हती. रस्त्यावरची माणसेच दुसरीकडे वळली होती.

जॉर्ज इनची मालकी १८४९ साली शेजारच्या गाय्ज रुग्णालयाच्या विश्वस्तांनी घेतली आणि १८७४ साली ती ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीला विकली. म्हणजे जिने घोडागाडीचा धंदा संपविला, त्या रेल्वेच्याच हाती घोडागाडीची इन आली. कंपनीला सज्जे नको होते, माल उतरविण्यासाठी आवार हवे होते. १८८९ साली तिने तीन बाजूंपैकी दोन बाजू पाडल्या. त्याच वर्षी व्हाइट हार्टही पाडली गेली. टॅबर्डच्या जागी उभी राहिलेली इन तर १८७० च्या दशकातच नाहीशी झाली होती. जॉर्जची दक्षिणेची एक बाजू मात्र वाचली, कारण ती चालू होती. तेथे माणसे जेवीत, पीत, बसत. मिस मरी नावाच्या बाईंनी ती १९३४ पर्यंत सांभाळली. १९३७ साली कंपनीच्या उत्तराधिकारी रेल्वेने ती वास्तू नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. सज्जे असलेली लंडनमधील ती आता एकमेव जुनी इन आहे, आणि मद्यगृह म्हणून आजही चालते.

या सर्व हकीकतीतून आम्ही एवढेच काढतो : कर्जाने वास्तू संकटात येते, पण बहुधा ती मरते वापर तुटल्याने. न्यायालय घर परत देऊ शकते. घरासमोरचा रस्ता परत देऊ शकत नाही.

नोकरीत असताना एका जुन्या घराण्याचे गहाण फेडल्याचे खत आमच्यापुढे नोंदणीस आले होते. आजोबांनी मुलींच्या लग्नांसाठी गहाण टाकलेला वाडा वीस-बावीस वर्षांनी सुटला होता. घरातील वडीलधारे गृहस्थ काठी टेकीत आले, शिक्का उमटलेला कागद त्यांनी कपाळाला लावला आणि आम्हांस म्हणाले, "साहेब, आता सुखाने डोळे मिटीन." आम्हीही उठून त्यांना नमस्कार केला. पुढे सहा-सात वर्षांनी त्याच वाड्याचे खुषखरेदीखत आमच्याच टेबलावर आले. कर्ज एका पैचे नव्हते. एक मुलगा पुण्यास, एक परदेशी. वाड्यात म्हाताऱ्या काकू एकट्या. सह्या करताना धाकटा मुलगा खाली मान घालून होता. आम्ही दस्त वाचून दाखविला आणि नियमाप्रमाणे विचारले, "मजकूर मान्य आहे ना?" तो म्हणाला, "मान्य आहे, काका." साहेब म्हणण्याऐवजी तो काका का म्हणाला, हे आम्हांस तेव्हा कळले नाही, आता थोडेसे कळते.

त्या मुलाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मार्लबरोच्या इनचालकालाही कोणी दोष देत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या कितीतरी वाड्यांची कागदपत्रे आज निर्दोष असतील. त्यांवर बोजा नसेल, सातबारा अथवा सिटी सर्व्हेचा उतारा स्वच्छ असेल. तेवढ्याने वाडा राखला जात नाही. वर्षातून एकदा तरी कुळधर्माला सगळी जमतात का, माडीवर कोणा विद्यार्थ्याचा अभ्यास चालतो का, चौकात एखादे व्याख्यान, एखादी बैठक होते का, हेही पाहावे लागेल. जॉर्ज इनची एक बाजू वाचली ती तेथे रोज दार उघडले जात होते म्हणून. आपल्या दाराची कडी शेवटची केव्हा निघाली, हे ज्याने त्याने आपापल्या घरी आठवून पाहावे.